ओढाल तेवढं तुमचं

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी मी आमच्या घरासमोरच्या उतारावर सोनामसुरी तांदळाच्या पाच पिशव्या प्लास्टिकच्या घसरगाडीत, म्हणजे इथल्या भाषेत स्लेडमध्ये, रचून ओढत होतो. एक पिशवी वीस पौंडांची. पाच म्हणजे शंभर पौंड, आपले पंचेचाळीस किलो. कमरेला दोरी, डोक्याला माकडटोपी, आणि नाकातोंडातून बैलासारखी वाफ. बायको खिडकीच्या काचेमागे उभी होती. बाहेर उणे अकरा असल्यामुळे तिने खिडकी उघडली नाही. पण इतक्या वर्षांच्या संसारानंतर ओठ वाचता येतात. "अहो, लोक बघतायत."

लोक म्हणजे समोरचे आजोबा. पूर्वज नॉर्वेचे, स्वतः पक्के मिनेसोटाचे, वय अठ्ठ्याहत्तर. ते कॉफीचा मग घेऊन रस्ता ओलांडून आले, पिशव्यांवरची चित्रं निरखली आणि म्हणाले, "हे वेगळंच आहे हं." मिनेसोटात एखाद्याला 'वेगळंच आहे' म्हणणं म्हणजे पुण्यात 'प्रयत्न चांगला आहे' म्हणण्यासारखं. याच्यापुढे शिवीच उरते आणि ती इथले लोक देत नाहीत.

मी तंबू निवडत होतो. गोठलेल्या तळ्यावर नेऊन, त्यात बसून, बर्फाला भोक पाडून मासे पकडायचा तंबू. आणि तो गाडीला बांधून नाही, स्वतःच्या हाताने ओढत न्यायचा. घेण्याआधी आपल्याला किती ओढवतं ते बघून घ्यावं, एवढाच हेतू. इंजिनीअर माणूस तांदूळ ओढताना दिसला तर त्यामागे काहीतरी तर्क असणार, हे आमच्या घरात अजून कोणी मान्य केलेलं नाही. तिसऱ्या फेरीला एका पिशवीचा कोपरा फाटला आणि उतारावर तांदळाची बारीक रेघ उमटली. ती झाडायची राहून गेली. तिचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

इथल्या मोटारींच्या नंबरपाट्यांवर 'दहा हजार तळी' असं छापलेलं असतं. प्रत्यक्षात दहा एकरांहून मोठी तळीच ११,८४२ भरतात. फुशारकी मारताना खरा आकडा कमी करून सांगणारे लोक मी दुसरीकडे पाहिले नाहीत. ही सगळी तळी डिसेंबर ते मार्च झाकण लावून बंद असतात. मी मूळचा मालवणकडचा. आमच्याकडे मासे गरवायला जायचं म्हणजे खिशात तंगूस आणि गरी घ्यायची, खडकावर उकिडवं बसायचं आणि आईने हाक मारली की उठायचं. आमच्या समुद्राला कधी झाकण नव्हतं. इथे आधी झाकणाला भोक पाडावं लागतं आणि मग त्यातून गरी सोडायची.

खाली मासे मात्र मजेत असतात. पाणी चार अंशांना सगळ्यात जड होतं, हे आम्ही शाळेत एका मार्कासाठी पाठ केलं होतं. त्याचा अर्थ मला पन्नाशीत, बर्फावर उभं राहून कळला. जड पाणी तळाशी बसतं, म्हणून वर उणे वीस असताना खाली मासा अधिक चारमध्ये पाय पसरून असतो. गारठून मरायचं ते वरच्याने.

ज्यांच्याकडे दांडगा ट्रक असतो ते चाकांवरचं अख्खं घर तळ्यावर नेऊन टेकवतात. आत पलंग, शेगडी, टीव्ही, आणि फरशीत झाकणं लावलेली भोकं. मार्चमध्ये कायद्याने ती उचलावी लागतात, दक्षिणेकडची पहिल्या सोमवारपर्यंत आणि उत्तरेकडची तिसऱ्या. मला त्या घरांचा हेवा वाटत नाही असं नाही. पण मिनेसोटाच्या नैसर्गिक संपदा विभागाचं बर्फाच्या जाडीचं कोष्टक मी गॅरेजात चिकटवलं आहे आणि त्यात माझी बाजू वरच्या ओळीत आहे. चालत जाणाऱ्या माणसाला स्वच्छ, नवा बर्फ चार इंच पुरतो, म्हणजे अंगठ्यासकट आडवा पंजा. छोट्या मोटारीला नऊ-दहा इंच, म्हणजे वीतभर. भल्याथोरल्या ट्रकला सोळा-सतरा. (पांढरा, बर्फ पडून गोठलेला असेल तर हे आकडे दुप्पट करायचे. आणि कुठलाही बर्फ शंभर टक्के भरवशाचा नसतो, हेही त्याच कागदावर लिहिलंय. तो भाग बायकोने वाचू नये म्हणून मी त्यावर कॅलेंडर लावलंय.) तात्पर्य, ट्रकवाले किनाऱ्यावर बोटं मोडत थांबलेले असतात तेव्हा दोरीवाला तळ्याच्या मध्यावर असतो. महिनाभर का होईना, गरिबाला मान.

हाताने ओढायच्या तंबूंच्या मुख्य जाती दोन.

पहिली हब. ही चौकोनी छत्री समजा. प्रत्येक भिंतीच्या मधोमध एक पट्टा असतो, तो धरून हिसका मारला की काड्या ताणल्या जातात आणि भिंत 'फट्' करून बाहेर येते. चार भिंती, एक छत, पाच वेळा फट्. आत उभं राहता येतं, चार माणसं मावतात, वजन पंचवीस-तीस पौंड, किंमत बेताची. लग्नाच्या बाजारात असं स्थळ आलं असतं तर आपण लगेच विचारलं असतं की मग अडलंय कुठे?

अडलंय ते असं. हबला तळ नाही, बसायला काही नाही आणि चाक, फळी, स्लेड यातलं काहीच नाही. नुसती पिशवी. म्हणजे स्लेड वेगळी घ्या, खुर्च्या वेगळ्या घ्या, त्या स्लेडवर खुर्च्या बांधा, खुर्च्यांवर पिशवी बांधा. हलकेपणा पहिल्या पाच मिनिटांत संपतो. शिवाय हब एकदा रोवला की रोवला. मासा चाळीस फूट पलीकडे असेल तर तो तिथे आणि आपण इथे.

दुसरी जात फ्लिप-ओव्हर. यात स्लेड हाच तंबूचा तळ. स्लेडवर खुर्ची, खुर्चीमागे नळ्यांच्या कमानींवर घडी घातलेलं कापड. जागेवर पोचलं की वाऱ्याला पाठ करून बसायचं आणि मागचं कापड डोक्यावरून पुढे ओढायचं. बाबागाडीचं छप्पर ओढतात तसं. मासा लागत नसेल तर छप्पर मागे टाकायचं, उठायचं, स्लेड ओढायची, पुढच्या भोकावर परत बसायचं. डेव्ह गेन्झ नावाच्या मिनेसोटाकराने १९८०च्या आसपास असा तंबू घरीच तयार केला आणि इथल्या लोकांची थंडीतली बैठक मोडली. तोवर लोक एका खोक्यात दिवसभर बसून मासा यायची वाट बघत. गेन्झचं म्हणणं, मासा येत नाही तर आपण जावं.

मला ही दुसरी जात पहिल्या भेटीतच आवडली आणि कारण गेन्झ नाही. कारण इरलं. लहानपणी भातलावणीच्या वेळी बायका पाठीवर पानांचं इरलं घेऊन वाकलेल्या दिसत. वरून पाऊस कोसळतोय आणि इरल्याखाली गप्पा चालल्यात. फ्लिप-ओव्हर म्हणजे बसायचं इरलं. दुकानातल्या पोराला मी हे समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली आणि मला तंबूच्या खिडक्या मोजून दाखवल्या.

आता 'दोन माणसांचा', 'तीन माणसांचा' या भानगडीबद्दल. मुंबईच्या लोकलमध्ये तीन माणसांच्या बाकावर चौथी सीट असते, म्हणजे अर्धा माणूस बाकावर आणि अर्धा हवेत. तंबू बनवणारे नेमके याच चौथ्या सीटचा हिशोब करतात. फरक एवढाच की लोकलमध्ये आपण पातळ शर्टात असतो. इथे प्रत्येक जण तीन थर कपडे, वर फुगीर कोट, त्यावर फुगीर विजार घालून आकाराने दीडपट झालेला असतो, आणि पायात हीटर, पायापुढे भोक. मी ठरवलेला नियम असा: छापलेल्या आकड्यातून एक वजा करा. दोघांचा तंबू एकाला ऐसपैस. तिघांचा दोघांना, पण दोघे एकमेकांशी बोलत असतील तरच. एकाचा तंबू कोणासाठी, हे मला अजून उलगडलेलं नाही.

तसंच कापडाचं. साधं कापड हलकं असतं, पण आपला श्वास आणि हीटरची वाफ त्याला आतून चिकटते, गोठते आणि हीटर मोठा केला की विरघळून मानेवर टपकते. बरोब्बर कॉलर आणि टोपी यांच्यामधल्या दोन इंचांवर. गोधडीसारखं अस्तर भरून शिवलेलं कापड टपकत नाही, ऊब धरतं, वाऱ्याने फडफडत नाही आणि खूप जड असतं. हीटर लावला तर झरोके उघडे ठेवावेच लागतात, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड वास न देता माणूस नेतो. या एका बाबतीत मी विनोद करत नाही. म्हणजे ऊब राहावी म्हणून जड कापड घ्यायचं आणि जीव राहावा म्हणून त्याला भोकं ठेवायची.

सगळं शेवटी वजनावर येतं, आणि वजनाबाबत माहितीपत्रकं जितकी मितभाषी तितके इंजिनीअरांचे बायोडेटेही नसतात. बसण्याबद्दल पानंच्या पानं. खुर्ची किती अंशात फिरते, खिडकीला काळा पडदा आहे की करडा, कपाचे खळगे किती. ओढण्याबद्दल एक ओळ: 'सोबत दोरी.' वास्तविक आपण त्यात बसणार तीन तास आणि त्यातल्या दोन तासांत डुलकी. ओढणं मात्र जागेपणी असतं.

मी वही काढून हिशोब मांडला. दोन माणसांचा अस्तरवाला फ्लिप-ओव्हर, शंभर पौंडांच्या घरात. बर्फाला भोक पाडायचा ऑगर, बॅटरीसकट पंधरा. हीटर आणि गॅसची नळकांडी, दहा. पाण्याखाली मासा कुठल्या खोलीवर आहे हे रंगीत दिव्यांत दाखवणारं सोनार, आठ. जिवंत आमिषाची बादली. गॅलनभर पाणीच आठ पौंडांहून जास्त. फावडं, भोकातला चुरा काढायचा झारा, गळकाठ्या, चहाचा थर्मास, डबा. डब्यात काय असावं यावर घरात चर्चा झाली आणि थालीपीठ ठरलं, कारण पोळी उणे पंधरात मोडते. बेरीज दीडशेच्या पुढे गेली. तांदळाच्या साडेसात पिशव्या. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मग तांदूळच घेऊन जा, तळ्यावर भात तरी होईल."

दीडशे पौंड ओढणं म्हणजे उचलणं नव्हे, हे मला माहीत होतं. उघड्या, गुळगुळीत बर्फावर स्लेड इतकी सहज येते की आपल्याला स्वतःबद्दल गैरसमज होतो. फक्त तिथे पायही तितकेच सहज जातात, म्हणून बुटांना खिळे लावायचे. खरी परीक्षा ताज्या भुसभुशीत बर्फात. त्यात स्लेड नांगरासारखी रुतून समोर ढीग लोटत येते. आणि त्याहून वाईट चिखल. वर पडलेल्या बर्फाच्या भाराने खालचा थर दबतो, भेगांतून पाणी वर येतं आणि वरच्या मऊ बर्फाखाली लपून बसतं. वरून पांढरंशुभ्र, आत पाय घातला की पचक. ते पाणी स्लेडच्या बुडाला लागून गोठतं आणि मग स्लेड ओढत नाही, तळंच ओढतोय असं वाटतं.

दोरीचंही शास्त्र आहे. आखूड दोरी असेल तर उतारावर स्लेड मागून येऊन घोट्यांवर आदळते. इथल्या सगळ्या तळ्यांना किनाऱ्याकडून उतारच असतो. लांब घ्यावी, आणि हातात धरू नये, कमरेच्या पट्ट्याला बांधावी. माझा एक मित्र नागपूरचा आहे. पट्टा बांधून बघितल्यावर तो म्हणाला, "काहून बे, शंकरपट हाय का हा? मागून तुतारी टोचाले कोन हाय?" (शंकरपट म्हणजे त्यांच्याकडची बैलांची शर्यत आणि तुतारी म्हणजे बैल हाकायची टोकदार काठी.)

या नागपूरकराची आणि माझी तंबूवरून ठिणगी पडली ती जुनीच. चाळीस-पंचेचाळीस अंशांत वाढलेला हा माणूस मिनेसोटात आल्यावर थंडीचा हट्टाने अपमान करतो. या राज्यातल्या टॉवर गावी २ फेब्रुवारी १९९६ला उणे एक्कावन्न अंशांची नोंद झाली, हे त्याला सांगितलं तर म्हणाला, "आमच्याकडे मे मधे ये, मग समजन तापमान म्हंजे काय." तर हा हब पक्षाचा. स्वस्त, हलका, चौघांना जागा. जानेवारीत आम्ही त्याचा नवाकोरा हब घेऊन प्लिमथच्या मेडिसिन लेकवर गेलो. नावाने औषधी, गावातच, किनाऱ्यावर गाडी लावून चालत जाता येतं.

हब उभारायचा नियम असा की वारा येतो त्या बाजूचा खुंटा आधी बर्फात पिळायचा आणि मग भिंती उघडायच्या. नागपूरकराने आधी भिंती उघडल्या. फट्, फट्, फट्, फट्. पाचवं फट् छताचं. त्यानंतर सेकंदभर शांतता, आणि मग तंबू चालायला लागला.

मी मुसळधार पावसात उलट्या झालेल्या छत्र्या पाहिल्या आहेत. पण छत्री निदान आपल्या हातात असते. हा सहा फुटी लाल ठोकळा आधी कडेवर घरंगळला, मग कोपऱ्यावर उभा राहून एक गिरकी घेतली आणि गुळगुळीत बर्फावरून दक्षिणेकडे निघाला. मागे नागपूरकर. बुटांना खिळे नव्हते, कारण खिळे म्हणजे थंडीला भिणं. तो धावत होता, पण पुढे फक्त तंबू जात होता. वाटेत आपापल्या बादल्यांवर बसलेले चार-पाच मासेमार होते. एकानेही तंबू अडवला नाही. त्यांनी आदराने पाय आत घेतले. शेवटी लव्हाळ्यात जाऊन तो अडकला. नागपूरकर परत आला तेव्हा भुवया पांढऱ्या, एक काडी मोडलेली. मी काही बोललो नाही. तोही बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "स्पीड पाह्यली का त्याची?"

पुढच्याच आठवड्यात मी फ्लिप-ओव्हर घेतला. दोन माणसांचा, म्हणजे माझ्या नियमाने एकाचा. पण अस्तराचा नाही, साधा. सत्तर पौंड. अस्तरवाला तंबू मी दुकानात अर्धा तास कुरवाळला, आत बसलो, छप्पर ओढून घेतलं, अंधारात डोळे मिटले. मग उठून त्याची दोरी कमरेला लावली आणि कार्पेटवर अंगरख्यांच्या रांगेपर्यंत ओढून आणला. दुकानातल्या पोराने विचारलं, "काका, कसं वाटलं?" (तो 'सर' म्हणाला होता, पण त्याच्या चेहऱ्यावर 'काका' होतं.) मी म्हणालो, मान भिजली तरी चालेल, मणका नको.

पहिल्या खेपेला वहीतलं सगळं सामान घेतलं. दुसऱ्या खेपेला बादली घरी राहिली आणि आमिष खिशातल्या डबीत गेलं; मेणअळ्यांना पाणी लागत नाही. तिसऱ्याला एक खुर्ची काढून ठेवली. येताना मात्र एक नवी गोष्ट कळली, जी कुठल्याच पत्रकात नव्हती. वारा आत येऊ नये म्हणून कापडाच्या झालरीवर फावड्याने बर्फ लोटायचा असतो. तीन तासांत ती झालर तळ्याला चिकटते. ती ठोकून सोडवली तरी किलोकिलोचे गोळे लटकलेले राहतात, आतून वाफ गोठून कापड पत्र्यासारखं झालेलं असतं आणि सत्तर पौंडांचा तंबू परतीला मापात राहत नाही. त्यातून परतीला चढ. मासे किती मिळाले यावर हे वजन अजिबात अवलंबून नसतं.

मासे तीन मिळाले. सनफिश, तळहाताएवढे. वॉलआय हा इथला राजमासा, राज्याने १९६५मध्ये तशी पदवीच दिलीय. त्याचे डोळे अंधारात चमकतात आणि तो संध्याकाळी हिंडायला निघतो. नेमका त्याच वेळी मी झालर ठोकत असतो. बायकोने सनफिश रव्यात घोळवून तळले. एक खाल्ला, काटे ताटाच्या कडेला मांडले, मोजले आणि म्हणाली, "पेडवे बरे हो याच्यापेक्षा." पण दुसराही घेतला.

आता ती तांदळाची रेघ. त्या शनिवारी संध्याकाळ व्हायच्या आत पाच रानटी टर्की उतारावर आल्या होत्या. आमच्या भागात त्या हिंडतातच. त्यांनी उतार टिपून लख्ख केला. दुसऱ्या दिवशी परत आल्या. बायकोने मूठभर टाकले, कारण दारात आलेल्याला रिकामं पाठवायचं नाही. त्यांच्या डोक्यात काय गणित बसलं ते मला फेब्रुवारीत कळलं. सकाळी मी गॅरेजातून स्लेड काढली, दोरी कमरेला लावली आणि गाडीकडे निघालो. मागे बर्फावर करकर ऐकू आली. वळून पाहिलं तर पाचही जणी ओळीने माझ्या मागे. मी थांबलो, त्या थांबल्या. दोन पावलं टाकली, त्यांनीही टाकली. समोर आजोबा कॉफीचा मग घेऊन दारात उभे. ते काय म्हणणार ते मला माहीत होतं, पण या वेळी ते तेवढंही बोलले नाहीत. त्यांनी फक्त मग वर केला.

वर खिडकी उघडली. बाहेर उणे अठरा होतं.

"अहो, त्यांना आधी मूठभर घाला, आणि मग जा कुठे जायचं ते."